शुगर खाली आली आणि पायांची आग सुरू झाली

या महिन्यात पायांच्या तक्रारींची पत्रं खूप आलीत. त्यातलं बार्शीच्या एका ताईंचं पत्र आधी घेतोय आणि जरा सविस्तर घेतोय, कारण त्यांनी जे लिहिलंय ते बऱ्याच घरांत घडतं आणि त्याबद्दल आधी कुणी काही सांगितलेलंच नसतं, मग घरचे घाबरतात आणि नको तो निर्णय घेऊन बसतात.

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. डायबेटिस आठ वर्षांपासून आहे पण लक्ष कधी दिलं नाही, गोळी आठवली तर घ्यायची नाहीतर राहिली. दिवाळीनंतर वजन एकदम उतरायला लागलं, रात्री सारखे लघवीला उठायचे, तपासलं तर उपाशीपोटी शुगर ३४० आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) १३.४. डॉक्टरांनी दोन वेळचं इन्सुलिन सुरू केलं, मीही कंबर कसली, भात बंद, साखर बंद, संध्याकाळी दोघं मिळून चालायला जाणं, सगळं केलं. अडीच महिन्यांत एचबीएवनसी ७.१ आला. डॉक्टर खूश, आम्ही खूश. आणि त्याच सुमारास पायांची आग सुरू झाली. आधी तळपाय, मग पोटऱ्या, आता मांड्यांपर्यंत आलंय. रात्री चादर अंगावर घेता येत नाही, लुंगीचा काठ पोटरीला लागला तरी ओरडतात. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय घालून बसून राहतात. मी काशाच्या वाटीने तूप लावून पाय घासून द्यायला गेले तर माझा हात झटकला. गेल्या आठवड्यात सकाळी उठताना डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडले. सासूबाई म्हणतात इन्सुलिन गरम पडलं, बंद करा, शुगर वाढलेली होती तेव्हा बरा होता की. मिस्टरांनी आम्हाला न सांगता चार दिवस इन्सुलिन घेतलंच नाही. नसांची टेस्ट केली ती नॉर्मल आली, त्यामुळे आता नातेवाईक म्हणतात की मनाचं आहे. आमचं काय चुकलं? इन्सुलिनने झालं का? हे आता कायमचं का?

उत्तर : ताई, त्यांचं दुखणं खरं आहे, मनाचं अजिबात नाही, आणि तुम्ही जे कष्ट घेतलेत त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. कित्येक वर्षं वाढलेली शुगर, मग काही आठवड्यांत ती झपाट्याने खाली, पाठोपाठ कपड्याचा स्पर्शही सोसवणार नाही अशी आग आणि वर उठताना अंधारी, हे सगळं एकत्र बघितलं की ट्रीटमेंट-इंड्यूस्ड न्यूरोपथी हे नाव डोक्यात यायलाच हवं. म्हणजे शुगर फार वेगाने खाली आल्यामुळे बारीक नसांना झालेला त्रास. पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून हे पान घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि नाव घेऊन विचारा. बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन बघून घ्यायला सांगा, दारूची सवय असेल तर ती लपवू नका, टीबीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा कारण त्यातल्या आयसोनायझिडनेही पायांची अशीच आग होते.

हे दुखणं काही नवीन नाही. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते १९२२ साली, टोरांटोत, आणि १९३३ मध्येच कॅराव्हाटी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत पेशंटला नसांचं भयंकर दुखणं सुरू झालं. तेव्हापासून याला इन्सुलिन न्यूरायटिस म्हणायला लागले आणि त्या नावाने बरंच नुकसान केलं, कारण दोष सगळा इन्सुलिनवर गेला, तुमच्या सासूबाईंच्या मनात आहे तसाच. पुढे लक्षात आलं की नुसत्या गोळ्यांवर शुगर वेगाने उतरली तरी हे होतं, आणि औषध न घेता फक्त खाणं तोडून उतरवली तरी होतं. म्हणजे इन्सुलिन गरम पडलं वगैरे काही नाही, मामला वेगाचा आहे.

किती वेग म्हणजे जास्त, यावर बोस्टनच्या गिबन्स आणि फ्रीमन या दोन डॉक्टरांनी २०१५ साली मोठं काम प्रसिद्ध केलं. डायबेटिसमुळे नसा बिघडल्या म्हणून त्यांच्याकडे पाठवलेले ९५४ पेशंट त्यांनी तपासले, त्यातल्या १०४ जणांचं दुखणं या प्रकारचं निघालं, म्हणजे साधारण दहातला एक. तीन महिन्यांत एचबीएवनसी २ पॉइंट किंवा त्याहून जास्त उतरला आणि त्यानंतर ८ आठवड्यांच्या आत दुखणं सुरू झालं, अशी त्यांनी व्याख्या धरली. २ ते ३ पॉइंट उतरलेल्यांत धोका साधारण २० टक्के, आणि ४ च्या वर उतरलेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त. हे आकडे वाचून कुणी दचकू नका, ते मुळातच नसांच्या त्रासासाठी मोठ्या हॉस्पिटलात पोचलेल्या लोकांचे आहेत, आपल्या गल्लीतल्या प्रत्येक शुगरवाल्याला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. तुमच्या मिस्टरांचा आकडा सहा पॉइंटांनी उतरला, तोही अडीच महिन्यांत. एचबीएवनसी ही आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे तो ७.१ आला याचा अर्थ रोजची शुगर त्याच्याही आधीच खूप खाली आली असणार.

आता चांगली शुगर नसांना का सोसत नाही, याचं पक्कं एकच उत्तर नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी असंच दुखणं असलेल्या पाच जणांच्या पायातली एक नस उघडून तिच्यावरच्या रक्तवाहिन्या बघितल्या, तर तिथे नवीन, नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं झालेलं होतं आणि रक्त नसेच्या आत न शिरता बाहेरच्या बाहेरच वळत होतं. पाटाचं पाणी मधेच फुटून ओढ्याला जातं आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसं. ज्या नसा सगळ्यात बारीक, म्हणजे आग, टोचणं, गरम-गार कळवणाऱ्या, त्या आधी उपाशी पडतात आणि बोंब मारायला लागतात. नसांची जी टेस्ट तुम्ही केली, करंट देऊन करतात ती, ती फक्त जाड नसा मोजते. बारीक नसा तिला दिसतच नाहीत. त्यामुळे टेस्ट नॉर्मल आली म्हणून दुखणं खोटं, असं जो कुणी म्हणेल त्याला हे स्पष्ट सांगा, मग तो नातेवाईक असो की डॉक्टर.

सगळ्यात महत्त्वाचं, इन्सुलिन बंद करू नका. मी हे आर्जवाने सांगतोय. चार दिवस बंद केलं, शुगर चढली, मग घाबरून परत सुरू केलं, ती धाडकन उतरली, म्हणजे ज्या गोष्टीने त्रास झाला तीच गोष्ट पुन्हा केली. आणि वाढलेल्या शुगरने या नसा वर्षानुवर्षं झिजतच होत्या, फक्त आवाज न करता. डॉक्टर आता काय करू शकतात तर डोस थोडा सैल करून शुगर स्थिर ठेवणं, लो होऊ न देणं, आणि पुढचे काही महिने ६.५ च्या मागे न लागणं. हा निर्णय त्यांचा, घरी युनिट कमी-जास्त करायचे नाहीत.

पडण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. याच बारीक नसा बीपी, घाम, पोटाची हालचाल, लैंगिक ताकद सगळं सांभाळतात. त्यामुळे उठताना बीपी पडणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, जुलाब, रात्री घामाने भिजणं, हे सगळं याच दुखण्यात येतं आणि पुरुष लाजेपायी निम्मं सांगत नाहीत. दवाखान्यात त्यांचं बीपी आडवं झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर चक्करचं कारण सापडलं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या बघाव्या लागतील. तोवर सकाळी एकदम उठायचं नाही, आधी कॉटवर पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग धरून उभं राहायचं, आणि रात्री बाथरूमला जाताना दिवा लावायचाच. अंधारी आली की ग्लुकोमीटरवर शुगरही बघा, लो झालेली असू शकते आणि लो असेल तर उपाय वेगळा, लगेच साखर द्यायची.

आणि डोळे! शुगर वेगाने उतरली की डोळ्याचा पडदाही तात्पुरता बिघडू शकतो, ज्यांच्या नसा अशा दुखतात त्यांच्यात तर हे खूप बघायला मिळतं. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ चाललेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात हे दिसलं होतं, कडक कंट्रोल केलेल्यांतल्या काहींचे पडदे पहिल्या वर्षात थोडे जास्त बिघडले, पण पुढच्या वर्षांत तेच लोक कितीतरी चांगले राहिले, ज्यांचे पडदे सुरुवातीला स्वच्छ होते त्यांच्यात तर पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणून शुगर खाली आणणं चूक नाहीच. पण याच महिन्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्या, चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी यात धरायची नाही. लघवीतलं अल्ब्युमिनही बघून घ्या.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे मेडिकलमधून आणून देऊ नका, नसांच्या आगीला त्या लागू पडत नाहीत आणि डायबेटिसवाल्याच्या किडनीला महागात पडतात. यावर वेगळी औषधं असतात, प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्झेटिन, अमिट्रिप्टिलिन. यातल्या काही मुळात डिप्रेशनच्या किंवा फिट्सच्या गोळ्या आहेत, त्यामुळे मेडिकलवाला किंवा इंटरनेट काहीतरी सांगतं आणि पेशंट गोळी फेकून देतो, तसं करू नका, नसांची आग कमी करायला त्या रीतसर वापरतात. कमी डोसने रात्री सुरू करतात, हळूहळू वाढवतात, आणि परिणाम जाणवायला दोन-तीन आठवडे जातात, दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून सोडायची नाही. झोप येणं, गरगरणं, पायांवर सूज हे होऊ शकतं. मिस्टरांचं बीपी उठताना पडत असेल तर अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्झेटिन जपून द्यावी लागतात, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन शक्यतो नकोच, म्हणून पडल्याचं आणि बाकीचं सगळं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन घेऊन येऊ नका. प्रीगाबालिन एकदम बंद करायची नसते. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांचा या दुखण्यात फार उपयोग होत नाही आणि सवय मात्र लागते. या गोळ्यांनी आग पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, निम्मी झाली आणि रात्री झोप लागली तरी माणूस सावरतो.

घरी काय करता येईल. बर्फाची बादली बंद, बर्फाने कातडीला इजा होते आणि तासन्तास ओल्या राहिलेल्या पायांना बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात, बुरशी होते. साधं गार पाणी दहा मिनिटं, मग बोटांमधून नीट कोरडं करायचं, बास. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. काशाच्या वाटीचं म्हणाल तर एरवी माझा विरोध नाही पण सध्या स्पर्शच सोसत नाहीये तर घासणं ही शिक्षा आहे, त्यांनी हात झटकला ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे. चादरीसाठी एक सोपी युक्ती, कॉटच्या पायथ्याला मोठा पुठ्ठ्याचा खोका दोन बाजू कापून आडवा ठेवा, पाय त्याच्या आत आणि चादर खोक्यावरून, म्हणजे पायांना पांघरूण मिळतं पण कापड लागत नाही. काही जणांना उलट घट्ट सुती मोजे बरे वाटतात, कारण सततचा दाब सोसतो, हलका घासणारा स्पर्श सोसत नाही, करून बघा.

कायमचं आहे का? बहुतेकांचं ओसरतं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. बोस्टनच्या त्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा १६ जणांचा अनुभव छापला होता, शुगर नीट ठेवून दीड वर्षाने दुखणं आणि चक्कर-घामाच्या तपासण्या दोन्ही सुधारल्या होत्या, टाइप १ वाल्यांच्या जास्त. तुमच्याकडे पहिले सहा महिने अवघड जातील, ते मनाशी धरून ठेवा, आणि मग चांगल्या रात्रींची संख्या वाढत जाईल. गेलेलं वजन परत भरायला लागणं ही चांगली खूण असते. सलग झोप नसली की माणूस खचतो, जगणं नको वगैरे बोलायला लागले तर ते बोलणं दुर्लक्षित करू नका, डॉक्टरांना सांगा, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता डॉक्टरांचं चुकलं का, तर ३४० शुगर आणि उतरणारं वजन समोर असताना इन्सुलिन द्यायलाच हवं होतं. ऑपरेशन असेल, जंतुसंसर्ग असेल, बाई गरोदर असेल तर शुगर झटपट खाली आणावीच लागते, तिथे थांबायला वेळ नसतो. पण जिथे अशी घाई नाही आणि आकडा १२-१३ आहे तिथे पायरी-पायरीने उतरावं, तीन महिन्यांत दोन पॉइंटांच्या आत, असं माझं मत आहे. आणि उतरवण्याआधी पेशंटला सांगावं की बाबा रे, मधे पायांची आग होऊ शकते, झाली तर औषध सोडू नकोस, माझ्याकडे ये. एवढं एक वाक्य कानावर पडलेलं असतं तर तुमच्या मिस्टरांनी चार दिवस लपवून इन्सुलिन बंद केलं नसतं. हे मी आमच्याच लोकांना उद्देशून लिहितोय.

प्रश्न : मी नाशिकला राहते, ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे, शुगर कायम आटोक्यात, एचबीएवनसी ६.८ च्या वर कधी गेलेला नाही. तरी वर्षभरापासून दोन्ही पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी एक गोळी घेते. माझीही शुगर वेगाने उतरली असेल का?

उत्तर : नाही मॅडम, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमची शुगर स्थिर आहे आणि त्रास हळूहळू आलाय, बधिरपणा आणि तोल हा त्यातला मुख्य भाग आहे. पहिला संशय बी-१२ वर घ्यायचा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो, रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनेही ते कमी होतं, आणि शाकाहारी जेवणात ते मुळात फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्यात. लिव्हरमध्ये याचा साठा काही वर्षांचा असतो म्हणून दहा-बारा वर्षांनी त्रास दिसतो आणि तोवर मेटफॉर्मिनचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं दाखवत आलेत, शुगर नसलेल्या माणसांतसुद्धा.

आधी रक्त तपासा, मग गोळी सुरू करा, हा क्रम उलटा करू नका. आपल्याकडे पायांना मुंग्या म्हटलं की मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२ च) घातलेली प्रीगाबालिनची गोळी हातात पडते आणि मग आठ दिवसांनी बी-१२ तपासलं तर आकडा मस्त दिसतो, खरं काय होतं ते कळायचा मार्गच बंद. साधारण २०० च्या खाली आला तर कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये असेल तर संशयाची जागा. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असं समजू नका, नसा आधी बिघडून हिमोग्लोबिन नॉर्मल राहिलेले पेशंट भरपूर असतात. आणि नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं, नसा मात्र बिघडतच जातात.

कमी निघालं तर तोल जाण्यापर्यंत मजल गेलेली असल्यामुळे सुरुवातीला इंजेक्शनं घ्यावी लागतील, गोळ्या नंतर. मेटफॉर्मिन सोडायची गरज नसते, ते उत्तम औषध आहे, फक्त ते घेणाऱ्याने अधूनमधून बी-१२ तपासत राहावं, आता डायबेटिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ॲसिडिटीची गोळी रोज खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा. आणि चप्पल निसटलेली कळत नाही म्हणता, तर मागे पट्टा असलेली चप्पल आजपासून, घरातसुद्धा, आणि देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालायची असेल तर ऊन तापायच्या आत. फरशी भाजली तरी तुम्हाला कळणार नाही, फोड आल्यावर कळेल.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, बारावीत असताना टाइप १ डायबेटिस निघाला. इन्सुलिन घेतलं की वजन वाढतं म्हणून मी गेली काही वर्षं डोस गाळत आले, घरी कुणाला माहीत नाही. एचबीएवनसी १२ च्या पुढे आहे. आता मला नीट घ्यायचंय, मनापासून. पण कुठेतरी वाचलं की अचानक नीट घेतलं तर नसा दुखायला लागतात. मग करू तरी काय?

उत्तर : तू हे लिहिलंस हे फार मोठं काम केलंस. डोस गाळून वजन कमी ठेवणाऱ्या मुली कमी नाहीत आणि त्यातल्या बहुतेक जणी हे एकट्याच वाहत असतात. तू वाचलंस ते खरं आहे, तुझ्यासारख्यांमध्ये हा धोका जास्तच असतो, पण त्याचं उत्तर न घेणं हे नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन गाळलं की कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊ शकतो आणि तो जीव घेतो. दिवसभर चालणारं बेसल इन्सुलिन आजपासून एकदाही चुकवायचं नाही, उलट्या, पोटदुखी, दम लागणं असं काही झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

बाकीचं टप्प्याने. तुझ्या डॉक्टरांना खरं सांग की मी डोस गाळत होते, कारण ते लपवलंस तर ते कागदावरचा डोस अपुरा पडतोय असं समजून अजून वाढवतील आणि तू तो सगळा खरोखर घेतलास तर शुगर दगडासारखी खाली येईल. खरं कळलं तर ते आज १२, तीन महिन्यांनी साडेदहा, मग ९, मग ८ असा उतार ठरवतील. सुरू करायच्या आधी डोळ्यांचा पडदा तपास, सहा महिन्यांत परत तपास. पहिल्या आठवड्यांत पायांवर सूज आणि दोन-तीन किलो वाढलेले दिसतील, त्यातलं बरंचसं पाणी असतं, ते बघून मागे फिरू नकोस, इथेच बऱ्याच मुली परत गाळायला लागतात. आणि खाण्याशी, आरशाशी जे भांडण चाललंय त्यासाठी समुपदेशकाची मदत घे, ते एकटीने सुटत नाही आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. घरात एका तरी माणसाला सांग, आई नसेल तर बहिणीला, मैत्रिणीला.

प्रश्न : आमच्या भाऊजींनी कोल्हापुरात वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय, त्यांना शुगरही आहे, एचबीएवनसी ११. सोबत दिवसातून एकदाच जेवतात. महिन्याभरात शुगर निम्मी झाली म्हणून सगळ्यांना सांगत फिरतायत. शुगर वेगाने उतरून नसा दुखण्याचा धोका त्यांनाही आहे का?

उत्तर : आहे. शुगर इंजेक्शनने उतरली की उपासाने याच्याशी नसांना देणंघेणं नसतं. सेमाग्लुटाइड असो वा टिर्झेपाटाइड, ही औषधं मुद्दाम लहान डोसने सुरू करून चार-चार आठवड्यांनी वाढवतात, ते मुख्यतः मळमळ कमी व्हावी म्हणून, पण भाऊजी त्यावर एकवेळ जेवून उतार दुप्पट करतायत. सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या अभ्यासात डोळ्याच्या पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाल्या होत्या, आणि त्या जास्त करून ज्यांचे पडदे आधीच खराब होते आणि शुगर झपकन उतरली त्यांच्यात. म्हणून इंजेक्शन बंद करायला सांगू नका, दोन वेळचं नीट जेवायला सांगा, पडदा तपासलाय का ते विचारा, आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन जोडीला चालू असेल तर त्याचा डोस कमी करायचा का हे त्यांनी याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायला हवं, नाहीतर त्या एकवेळच्या जेवणावर शुगर लो होऊन गाडी चालवताना काहीतरी होऊन बसेल.